ठिपक्याचं वय

५ मार्च

प्रिय डॉक्टर,

चौथीचा वर्ग आठवतो? बाईंनी टेबलावर पट्टी आपटली की चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची. तो आवाज खिडकीतून बाहेर पडायचा, मैदान ओलांडून कुंपणापर्यंत जायचा, आणि सगळ्यांचा शेवटचा शब्द संपला की मागून एकट्या तुझा यायचा. तू नेहमी एक शब्द मागे. परवा सकाळी मी चहा गाळत होतो आणि कानात तसाच ठेका आला. टी टी टी, जरा थांबून पुन्हा टी. म्हटलं, झालं, आता जुने वर्ग ऐकू यायला लागले, आपलं काही खरं नाही. मग कळलं की आवाज साखरेच्या डब्यामागून येतोय आणि तिथे कुणाला तरी भूक लागली आहे.

नीट सांगतो. लेकीची बदली झाली. तिकडे घर लागेपर्यंत तिने मुंगीला, म्हणजे माझ्या नातीला, वसतिगृहाच्या शाळेत घातलं. तुझ्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे ती शाळा. तिथे खेळणी चालत नाहीत म्हणे. म्हणून जाताना मुंगीने आपलं जनावर माझ्या हवाली केलं. जनावर म्हणजे अंड्याएवढं प्लास्टिक, त्याला इवलीशी काच आणि खाली तीन बटणं. काचेत एक काळा ठिपका उड्या मारतो. त्याचं नावही ठिपकाच. त्याला पाव भरवायचा, घाण केली की पुसायची, झोपला की त्याचा दिवा घालवायचा. हे केलं नाही तर तो मरतो. म्हणजे काय होतं ते मी विचारलं नाही.

जिना उतरताना मुंगी मागे वळून म्हणाली, "आजोबा, तो जिवंत असेल तर सुट्टीत मी तुमच्याकडे. नाहीतर आईकडे."

हसत म्हणाली. पण डॉक्टर, मी जन्मभर शाळेचे गणवेश शिवले. हात वर करून उभी राहिलेली पोरं हसत हसत काय बोलतात आणि त्यात खरं किती असतं, हे मला टेप लावता लावता कळायचं. सुट्टीत ती आली की ह्या जागेला घर म्हणायचं. एरवी एक शिलाई मशीन, एक खुर्ची आणि खुर्चीत मी. तेव्हा त्या ठिपक्याला मरू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे.

आता माझा घोळ. एक बटण दाबलं की त्याचं वय दिसतं. मुंगी गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. आज सहा वर्षांचा आहे. तिला जाऊन आठवडाही झाला नाही. म्हणजे आपला दिवस त्याचं वर्ष. काल दुपारी मला दोन तास डोळा लागला, तेवढ्यात त्याचा एक महिना गेला. उठल्यावर मला फार अपराधी वाटलं. सहा वर्षांचं पोर म्हणजे माझ्या हिशेबी पहिलीचा गणवेश, गुडघ्यापर्यंतची चड्डी, दुमडीत चार बोटं कापड वाढत्या अंगासाठी. मी त्याला पहिलीतलाच धरलाय आणि संध्याकाळी एकेक कविता म्हणून दाखवतो. काल होडीची झाली. उद्यापासून बाराखडी.

तू जनावरांचा डॉक्टर. कुत्र्यामांजरांची वयं माणसांच्या वयात बसवून सांगायचास. ह्याचं सांग. फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून नेहमीसारखं पत्र.

तुमच्या साहेबांच्या डोक्यावरून हात फिरव. 'या वेळी तरी ये' असं लिहीत नाही. 'कुत्र्याला कोण बघणार' हे तुझं उत्तर मला कवितेसारखं पाठ झालंय.

तुझा,
कवी


८ मार्च

कवी महाराज,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं तुला ताप आहे.

मी गायी तपासल्या, घोडे तपासले, एकदा सर्कशीतला उंट तपासला. प्लास्टिक पहिल्यांदाच. तरी पद्धत तीच. मालकाला वय विचारू नये, तो खोटं सांगतो. जनावराचं तोंड उघडावं आणि दात बघावेत. तुझ्या पेशंटला दात किती, ते आधी कळव.

आता तक्ता. कुत्र्याच्या एका वर्षाला माणसाची सात असं लोक म्हणतात, ती थाप आहे. पहिल्या वर्षाची पंधरा, दुसऱ्याची नऊ, आणि पुढे दर वर्षाला पाच धर. आमचे साहेब चौदा पूर्ण, म्हणजे चौऱ्याऐंशी. माझ्याहून आठ वर्षांनी वडील. म्हणूनच ह्या घरात पहिलं ताट त्यांचं आणि दुसरं माझं. ह्याच न्यायाने तुझा सहाचा ठिपका चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या झाला. त्याला बाराखडी कसली शिकवतोस, घरात वाणसामान काय लागतं ते विचार.

पण एक अडचण आहे. माझा कुत्रा एक वर्ष जगतो तेव्हा खरंच एक वर्ष होतं. तुझा दिवसाला वर्ष म्हणतो. आधी त्याचं वर्ष आपल्या दिवसात आणायचं आणि मग तो दिवस कुत्र्याच्या वर्षात न्यायचा, की उलट? मी कागदावर दोन्ही करून बघितलं. एका हिशेबाने तो अजून जन्मला नाही आणि दुसऱ्याने आपल्या आजोबांच्या बरोबरीचा आहे. तेव्हा दात बघ.

येण्याचं लिहिलं नाहीस ते बरं केलंस. साहेबांना हल्ली जिना उतरवताना उचलून घ्यावं लागतं, आणि शेजाऱ्याच्या हाताला ते जात नाहीत.

तुझा,
डॉक्टर


१२ मार्च

प्रिय डॉक्टर,

दात नाहीत. सुईत दोरा ओवायचं भिंग लावून बघितलं. पाव खाताना तो तोंड उघडतो, पण आत नुसती काच आहे.

वय तेरा. आणि काल काय झालं ऐक. सकाळी उठून बघतो तर ठिपका नाही. त्याच्या जागी दोन पायांचं, चोचीचं, भलतंच कुणी तरी उभं. वाटलं, रात्रीतून बदलला, आता मुंगीला कुठल्या तोंडाने सांगू. तसाच खाली बेकरीवालीकडे गेलो. तिने पीठ लागलेले हात पुसले, काचेत बघितलं आणि म्हणाली, "काका, तोच आहे. वाढलाय."

"एका रात्रीत?"

"मग? माझा मुलगा पण असाच वाढला. मी भट्टीपुढून उठले तर त्याला मिशा."

मी घरी येऊन फूटपट्टी लावली. आधी मोहरीएवढा होता, आता मसुरीच्या डाळीएवढा. माझा धंदाच मापाचा, डॉक्टर. आई पोराला घेऊन यायची, म्हणायची, "मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा, दोन वर्षं गेली पाहिजेत." मी दुमड ठेवायचो. ह्याच्यासाठी दुमड किती ठेवायची, कुणी सांगू शकेल का? ज्या पोराची दोन वर्षं माझ्या सोमवार-मंगळवारातच संपतात, त्याला मी कुठल्या यत्तेत बसवू?

बाराखडी सोडली. तेराव्या वर्षी बाराखडी ऐकली तर कुणीही चिडेल. आणि चिडतोच तो. पोट भरलेलं, जागा स्वच्छ, तरी उगाच हाका मारतो. अशा वेळी त्याला रागवायचं म्हणून वेगळं बटण आहे. मी आयुष्यात कुणाला रागावलो नाही, आमच्या घरात ते खातं हिच्याकडे होतं. मी त्याला पाव देऊन गप्प करतो.

काल दोन ओळी सुचल्या.

इवल्याशा घरात इवलासा दिवा,
दिवसाला वर्ष हा हिशेब नवा.

मुंगीचं पत्र नाही. वसतिगृहात फोन मिळत नाही, पत्र मिळतं, पण पत्र लिहायला वेळ लागतो आणि तिला इतक्यात मैत्रिणी झाल्या असतील. तिला नवे सांगाती मिळाले आणि मला हा चोचवाला. साहेब कसे आहेत?

तुझा,
कवी


१५ मार्च

कवी,

'दिवा' आणि 'नवा' जुळवायला तुला सत्तर वर्षं लागली. पुढच्या ओळीची वाट बघणारे आपण दोघंही उरणार नाही.

रागवायचं बटण दाब. उपाशी ठेवून मेलेल्या जनावरांपेक्षा लाडाने मेलेली मी जास्त बघितली आहेत.

साहेबांनी दोन दिवस काही खाल्लं नाही. पाणी घेतात. दाराशी पडून असतात आणि कुणी आलं तर शेपटी हलते, म्हणजे हलवायचा विचार करतात एवढं दिसतं. वय आहे.

तुझा तो किती खातो? भुकेचं काही चिन्ह दिसतं का? सगळं भरलेलं असतं की अर्धं? पुढच्या पत्रात लिही. आठवणीने लिही.

डॉक्टर


२० मार्च

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तू लिहिलं नाहीस तरी मी लिहितो, कारण बातमीच तशी आहे. तुझा ठिपका आज एकवीस वर्षांचा झाला. मधे एकदा रूप बदललं, तेव्हा मी घाबरलो होतो, पण आता त्याने पूर्ण अंग धरलंय. एकवीसच्या मुलाचं माप एकदा घेतलं की पुढे फक्त कंबर बघायची, खांदा तोच राहतो.

आणि काय गुणी झालाय म्हणून सांगू. मधे हाका मारून मारून डोकं उठवायचा. आता बंद. भुकेलाही पहिल्यासारखा हावरा नाही, अर्धा पाव खातो आणि पुरे म्हणतो. संध्याकाळ व्हायच्या आत स्वतःच झोपतो, सकाळी मी तीनदा हाक मारली तर उठतो. चालतोही सावकाश, तोलून मापून. जबाबदारी अंगावर आली की मुलगा असाच गंभीर होतो, तुझी आई नोकरीला लागली तेव्हा तिचंही असंच झालं होतं.

आता त्याच्यापुढे सगळं आयुष्य पडलंय. तू सुट्टीत येशील तेव्हा त्याच्या लग्नाचं बघू.

तुझे,
आजोबा


२२ मार्च

तीर्थरूप आजोबांस शि. सा. नमस्कार.

(असंच लिहायचं असतं. आमच्या बाई पत्र वाचतात आणि मग पाठवतात.)

आजोबा, एकवीस म्हणजे तरुण नाही. एकवीस म्हणजे म्हातारा. ते वर्ष आपलं वर्ष नसतं, मी तुम्हाला सांगायला विसरले. माझ्या बाकावरच्या मुलीचा चोविसाव्या वर्षी गेला, आणि ती त्याची इतकी काळजी घ्यायची की गणिताच्या तासाला पण दप्तरात हात घालून पाव द्यायची. जाण्याच्या आधी तो पुष्कळ झोपायचा आणि अर्धाच खायचा. तुम्ही लिहिलंय ते सगळं तेच आहे. तो गंभीर नाही झालाय.

प्लीज त्याला थांबवा. मधलं बटण दाबून घड्याळ आणा. मग डावं आणि उजवं एकदम दाबा. आकडे लुकलुकायला लागतील. मग कशालाच हात लावू नका. तो दिसणार नाही पण असतो. त्याचं वय वाढत नाही आणि भूक पण लागत नाही.

परीक्षा सत्तावीसला संपते. मग आई मला तुमच्याकडे आणणार आहे. पत्र पोचेपर्यंत तो असेल ना? असेलच.

तुमची,
मुंगी

ता. क. मी पत्र लिहिलं नाही कारण पोस्टाची तिकिटं संपली होती. मैत्रिणी झाल्यात, पण फक्त दोन.


२४ मार्च

प्रिय डॉक्टर,

मी मूर्ख आहे. सोबत मुंगीचं पत्र जोडलंय, वाच. वाचून परत पाठव.

एकवीस म्हणजे म्हातारा. आणि मी त्याच्या लग्नाचं लिहून बसलो. तुझ्या तक्त्यासारखा मीही एक तक्ता मांडला. तो पंचविशीत जाणार असेल आणि माणूस ऐंशीत, तर त्याचं एक वर्ष म्हणजे आपली तीनाहून थोडी जास्त. मग मी मागे मोजत गेलो. ज्या आठवड्यात मी त्याला बाराखडी शिकवणार होतो, त्या आठवड्यात त्याची विशी सुरू होती. ज्या दिवशी तो उगाच हाका मारायचा आणि मी म्हणायचो की वयात आलाय, त्या दिवशी तो चाळिशीत होता. चाळिशीत माणूस उगाच हाका मारत नाही, डॉक्टर, त्याला काही तरी सांगायचं असतं. आणि आज तो आपल्या बरोबरीचा आहे. ह्याच महिन्याच्या सुरुवातीला माझ्या तळहातावर जन्मल्यासारखा आला, मला पकडलं, आणि आता एखाद दिवसात पुढे जाईल. मग त्याने मला आजोबा म्हणायचं, की मी त्याला?

तिचं पत्र दुपारी मिळालं. जिन्यातच उघडलं, धावत वर आलो, इतक्या वर्षांनी धावलो. तो होता. पंचवीस वर्षांचा, कोपऱ्यात, पाठमोरा. मी बटणं दाबली, चुकली, पुन्हा दाबली. मग आकडे लुकलुकले आणि तो दिसेनासा झाला.

आता साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलाय. दोन वाजून चाळीस मिनिटं. दिवा लावतो तेव्हाही दोन चाळीस, भांडी घासतो तेव्हाही दोन चाळीस. मुंगी म्हणते तो दिसत नाही पण असतो. मी समोर खुर्ची घेऊन बसतो, पण कविता कुणाला म्हणू? आकड्यांना?

तू शस्त्रक्रियेच्या वेळी जनावरांना बेशुद्ध करायचास. त्या झोपेत त्यांचं वय वाढायचं का? तो आत वाट बघतोय का, की त्याला काहीच कळत नाही, की त्याला सगळं कळतंय आणि बोलता येत नाही? मी बरोबर केलं का, एवढंच सांग. तो गेला असता तर मुंगी आली नसती, हे खरं. पण मी त्याला तिच्यासाठी थांबवलं की माझ्यासाठी, हे काही मला उलगडत नाही.

साहेब जेवायला लागले असतील. तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे सगळं ठीक असणार.

तुझा,
कवी


२६ मार्च

कवी,

थांबवलंस ते बरं केलंस.

साहेब सतरा तारखेला गेले. मीच सुई दिली. उठता येत नव्हतं, आणि रात्री मला जाग येऊ नये म्हणून ते कण्हणं दाबून ठेवतायत असं मला वाटायला लागलं होतं. कुत्रा असं करतो का, मला विचारशील तर डॉक्टर म्हणून मी नाही म्हणेन.

जन्मभर मी मालकांना सांगत आलो, तुमच्यासाठी त्याला ओढत नेऊ नका, सोडा. लोक रडायचे, मी खांद्यावर हात ठेवायचो, पुढच्या पेशंटला आत घ्यायचो. तेच स्वतःला सांगितलं आणि दिली. बरोबर होतं ते. मग तुझं पत्र आलं. तीन बटणं, आकडे लुकलुकतात, वय वाढत नाही, भूक लागत नाही. वाचून पहिली गोष्ट मनात आली ती ही की असं बटण मला कुणी दिलं असतं तर मी दाबलं असतं आणि दोन चाळीसकडे बघत बसलो असतो. मग मी लोकांना इतकी वर्षं जे सांगितलं ते काय होतं? मला आता काही कळत नाही. तू निदान विचारायला मला पत्र लिहितोस. मी कुणाला लिहू?

तुला आधी कळवलं नाही, कारण तू कविता केली असतीस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बेशुद्ध जनावराचं वय वाढतं. आत सगळं चालू असतं. ज्याचं थांबतं असं तुझंच पहिलं ऐकलं. तेव्हा त्याचा तक्ता मांडू नकोस, माझाही फाडून टाक.

सकाळी अजून पहिलं ताट साहेबांचंच काढलं जातं. काढल्यावर लक्षात येतं. मग त्यात मी जेवतो.

नातीचं पत्र परत पाठवत नाही. माझ्याकडे राहू दे थोडे दिवस. चांगलं लिहिते.

डॉक्टर


२८ मार्च

तीर्थरूप आजोबांस शि. सा. नमस्कार.

परीक्षा संपली. गणित अवघड होतं. एक वाईट बातमी आहे. आईला रजा मिळाली नाही. इथून एकटीला सोडत नाहीत, घ्यायला मोठं माणूस लागतं. तुम्हाला एवढा प्रवास तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बंद केलाय, तेव्हा तुम्ही अजिबात निघू नका, आईने तसं बजावलंय. सुट्टीत इथेच राहणाऱ्या मुलींमध्ये माझं नाव घातलंय. आम्ही पाचजणी आहोत.

आता मी एक गोष्ट सांगते. बाई वाचतील, वाचू देत. इथे खेळणी चालतात. कपाटात ठेवायची आणि संध्याकाळी काढायची. मीच आईला म्हटलं की आजोबांना सांग चालत नाहीत. कारण मी गेल्यावर तुमच्याशी कोण बोलणार, म्हणून मी ठिपक्याला तुमच्याकडे ठेवलं. तो निदान हाका तरी मारतो. आणि जिन्यात मी जे म्हटलं की तो जिवंत असेल तरच येईन, ते खरं नव्हतं. तसं म्हटलं नसतं तर तुम्ही त्याला डब्यामागे विसरला असता. मी कशीही येणारच होते.

म्हणून आता तुम्हाला आवडत असेल तर त्याला चालू करा. माझ्यासाठी थांबवून ठेवू नका. तुम्ही आकड्यांकडे बघत बसत असाल, मला माहीत आहे.

काल डॉक्टरआजोबा आले होते. तुम्ही पाठवलं होतं का? बिस्किटं आणली. ठिपक्याला दात का नाहीत म्हणून मला विचारत होते, मग मला पत्रलेखनात किती मार्क पडले ते विचारलं. पुष्कळ वेळ बाकावर बसले. जाताना आईचा फोन नंबर मागून घेतला. त्यांना ऐकू येत नाही तर फोन कशाला करणार?

तुमची,
मुंगी


३१ मार्च

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र आणि मुंगीचं पत्र दोन्ही एकाच दिवशी हातात पडली. कुठलं आधी वाचलं ते आठवत नाही. दोन्ही वाचून झाल्यावर मी मशीनवर बसलो आणि फाटलेली उशीची खोळ शिवली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

साहेबांवर कविता केली नाही. करायला बसलो होतो, खरं सांगतो. एक ओळही उतरली नाही. चौदा वर्षं तू ज्याच्यासाठी घर सोडलं नाहीस त्याला मी एकदाच बघितलं होतं, तेव्हा तो माझी चप्पल तोंडात धरून बसला होता आणि तू त्याचीच बाजू घेत होतास. तेवढंच आठवतं. त्या ताटात जेवतोस हे चांगलं करतोस. हिची शाल मी अजून पांघरतो.

मुंगीचं वाचून मात्र माझा पार गुंता झाला. मला वाटत होतं मी त्या जनावराला सांभाळतोय. आणि जनावर मला सांभाळायला ठेवलेलं. एवढीशी पोरगी, मोजून मापून माझ्या अंगाला बसेल असं शिवून गेली आणि मला टाकासुद्धा दिसला नाही. तेव्हा तिचं वय किती धरायचं? वसतिगृहातली नोंद दहा म्हणते.

ती येणार नाही. म्हणजे आता त्याला थांबवून ठेवायचं कारण उरलं नाही. काल सकाळी मी बटण दाबलं. वाटलं होतं की रागावलेला असेल. पण तो जिथे होता तिथेच होता, तसाच पाठमोरा, पंचवीस वर्षांचा. मधले दिवस त्याच्या अंगाला लागलेच नव्हते, सगळे माझ्याच अंगाला लागले. एक पाऊल टाकलं, वळला, आणि अर्धा पाव खाल्ला. मी त्याला होडीची कविता म्हणून दाखवली. बाराखडीच्या वेळी म्हटली होती तीच, पण आता एका वयाची माणसं म्हणतात तशी म्हटली. मधे एक कडवं विसरलो, तर त्यानेही काही आठवण करून दिली नाही.

आज सव्वीस. सकाळपासून पडून आहे. भुकेची खूण रिकामी आहे आणि भरवायला गेलं तर मान फिरवतो. तू विचारलं होतंस म्हणून लिहितो. पाण्याची सोय त्याच्यात नाही. तू इथे असतास तर सांगितलं असतंस की हे दुखणं आहे की नुसतं म्हातारपण. मला तर आता दोन्हींतला फरकही सांगता येणार नाही. पुन्हा थांबवू का, असं दोनदा मनात आलं. बोट बटणावर ठेवलं आणि काढलं. आपल्यासमोर कुणी तरी आपल्याच वयाचं असं पडलं असेल, तर शेजारी बसावं, एवढंच मला येतं. तेच करतोय. पत्रही इथूनच लिहितोय, तो डाव्या हाताशी आहे.

आणखी एक. तू मुंगीला भेटायला गेलास आणि मला चार ओळी नाही लिहिल्यास? इतकी वर्षं मी बोलावून थकलो, आणि पोरीच्या शाळेत बिस्किटं घेऊन जातोस. नंबर कशाला घेतलास? लेकीला उगाच साहेबांचं सांगून रडवलंस का? काय चाललंय तुझं ते सविस्तर

बेल वाजली. बेकरीवाली असेल. ठिपका कसा आहे म्हणून ती रोज ह्याच वेळी विचारून जाते. बघून येतो.

डॉक्टर, दाराच्या भिंगातून बघितलं. बाहेर तू उभा आहेस. चष्मा पुसून परत बघितलं, तरी तूच. आता हे पत्र कुणाला पाठवायचं ते मला कळेना, म्हणून टेबलाशी येऊन लिहून टाकतो. त्या भिंगातून माणूस फुगीर दिसतो, पण तू वाळला आहेस. खाली वाकून कुणाशी तरी बोलतोयस. त्या कुणाची मला फक्त एक रिबीन दिसते आहे. पुन्हा बेल. आता तू दारावर थापा मारतो आहेस आणि तुझ्या त्या बहिऱ्या माणसाच्या आवाजात अख्ख्या जिन्याला विचारतो आहेस, "कवी, पेशंट आहे का?"

आहे. आलो.